‘कोणापेक्षा?’ : हंगेरियन तरतमरूपे आणि तारतम्याचा प्रश्न

मराठीत ‘तारतम्य’ हा शब्द नीतीच्या क्षेत्रात वावरतो, पण त्याची घडण निव्वळ व्याकरणाची आहे. ‘तर’ आणि ‘तम’ हे संस्कृतातील दोन प्रत्यय एकत्र आले, आणि त्यांच्यापासून विवेक, प्रमाणाची जाण, कशाला किती महत्त्व द्यावे याचे भान असा अर्थ निष्पन्न झाला. विशेषणांची तुलना करता येणे म्हणजेच शहाणपण, असे जणू या शब्दाने गृहीत धरले आहे. हे गृहीत तपासून पाहावयाचे तर मराठी तितकीशी उपयोगी पडत नाही, कारण मराठीने ते प्रत्यय बोलण्यातून केव्हाच टाकून दिले. ‘सुंदरतर’ असे कोणी बोलत नाही; ‘तिच्यापेक्षा सुंदर’ असे म्हणतात, आणि विशेषण जसेच्या तसे राहते. तुलनेचे सारे ओझे ‘पेक्षा’वर किंवा ‘हून’वर पडते. त्यासाठी जेथे तुलना विशेषणाच्याच अंगात मुरलेली आहे अशी एखादी भाषा घ्यावयास हवी. हंगेरियन ही तशी भाषा आहे. त्या भाषेत तुलनावाचक प्रत्ययाने व्याकरणाची हद्द ओलांडून समाजरचनेत, कायद्यात आणि साहित्यसमीक्षेत जो संचार केला आहे, तो तारतम्याविषयीचा हा विश्वास बराच डळमळीत करणारा आहे.

हंगेरियन विशेषणाला ‘ब्ब’ हा प्रत्यय लागला की तुलनादर्शक रूप सिद्ध होते. ‘सेप’ म्हणजे सुंदर, ‘सॅब्ब’ म्हणजे अधिक सुंदर. ‘मॉगॉश’ म्हणजे उंच, ‘मॉगॉशॉब्ब’ अधिक उंच. व्यंजनान्त शब्दात मध्ये एक जोडस्वर येतो आणि तो त्या भाषेच्या स्वरमेळाच्या नियमाने ठरतो. ‘नॉद्य’ (मोठा) याचे ‘नॉद्योब्ब’ होते, येथे मात्र जोडस्वर निराळा. ‘शोक’ (पुष्कळ) याचे रूप तर मुळालाच सोडून ‘त्योब्ब’ असे होते. ‘यो’ म्हणजे चांगला आणि ‘योब्ब’ म्हणजे अधिक चांगला. तमभावासाठी त्याच तररूपाच्या आधी ‘लॅग’ हा उपसर्ग लागतो : ‘लॅगयोब्ब’, सर्वांत चांगला. तेवढ्याने समाधान झाले नाही तर ‘लॅगॅशलॅगयोब्ब’ असेही म्हणता येते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृतात ‘तम’ हा ‘तर’हून स्वतंत्र प्रत्यय आहे, हंगेरियनमध्ये सर्वोत्तमालाही ‘ब्ब’ टाळता येत नाही. शिखरावर पोचलेल्याच्या अंगावरही तुलनेची खूण उरतेच.

तुलना ज्याच्याशी करावयाची तो शब्द दोन रीतींनी येतो. एक रीत ‘मिन्त’ या अव्ययाची. पण हेच ‘मिन्त’ बरोबरीसाठीही वापरले जाते. ‘पालइतका उंच’ आणि ‘पालपेक्षा उंच’ या दोन्ही वाक्यांत ते असते, आणि समतेचे रूपांतर विषमतेत करण्याचे काम एकटा ‘ब्ब’ करतो. दुसरी रीत अधिक उद्बोधक आहे. तीत तुलनाविषयाला ‘नाल’ किंवा ‘नेल’ ही विभक्ती लागते. ही विभक्ती सामीप्याची आहे : खिडकीपाशी, दाराशी, पेतॅरकडे, म्हणजे त्याच्या घरी, हे तिचे रोजचे अर्थ. ‘पेतॅर पालनाल मॉगॉशॉब्ब’ याचा शब्दशः अर्थ ‘पेतॅर पालपाशी अधिक उंच’ असा होतो. मराठी ‘हून’ अपादानाचे आहे, ते दूर नेते. संस्कृतातही अशा ठिकाणी पंचमीच येते. ‘पेक्षा’चे मूळ ‘अपेक्षा’त, म्हणजे कोणाकडे पाहण्यात आहे. जगातील भाषांच्या तुलनारचनांचा विस्तृत अभ्यास लेओन स्टासेन याने १९८५ साली प्रसिद्ध केला. कोठे ‘पासून’, कोठे ‘कडे’, कोठे ‘जवळ’ अशा स्थलवाचक कल्पनांतून तुलना कशी उभी राहते हे त्याने दाखविले. हंगेरियनने ‘जवळ’ पत्करले आहे. दोघांना शेजारी उभे केल्याविना उंची कळत नाही, हा साधा शारीरिक अनुभव त्या विभक्तीत टिकून आहे.

यात फरकाचे मापही सांगता येते, आणि ते तृतीयेने. ‘पेतॅर पालनाल एद्य फॅय्यॅल मॉगॉशॉब्ब’, पेतॅर पालपेक्षा डोक्याएवढ्या अंतराने उंच. मराठीही ‘दोन वर्षांनी मोठा’ म्हणताना तृतीयाच वापरते. म्हणजे पूर्ण तुलनावाक्यात चार गोष्टी येतात : कोण, कोणत्या गुणाने, कोणापाशी, आणि कितीने. चारही जागा भरलेल्या असतील तर वाक्य पडताळून पाहता येते, खोटे ठरवता येते; ते कोणाला दुखवील, पण कोणाचे स्थान कायमचे ठरवून टाकणार नाही. प्लेटोच्या ‘फीडो’ संवादात सिमियस सॉक्रेटिसाहून उंच आणि फीडोहून बुटका आहे असे उदाहरण येते, आणि तेथे एक बारीक पण महत्त्वाची दुरुस्ती केली जाते : सिमियस हा सिमियस आहे म्हणून उंच नाही, त्याच्या ठिकाणी असलेल्या उंचीमुळे तो उंच आहे. ॲरिस्टॉटलने ‘कॅटेगरीज’मध्ये याचीच दुसरी बाजू मांडली. गुण कमीअधिक होऊ शकतात, द्रव्य होऊ शकत नाही. एक मनुष्य दुसऱ्याहून अधिक गोरा असेल. अधिक मनुष्य असू शकत नाही.

हंगेरियन भाषा हा निर्बंध जुमानत नाही. तिचा ‘ब्ब’ नामांनाही लागतो. ‘रोका’ म्हणजे कोल्हा. ‘रोकाब्ब’ म्हणजे अधिक कोल्हा, अर्थात अधिक धूर्त. गाढवाचेही तसेच रूप होते. ‘एम्बॅर’ म्हणजे माणूस. ‘एम्बॅरॅब्ब’ म्हणजे अधिक माणूस. आणि मॉद्यॉर, म्हणजे हंगेरियन मनुष्य, या शब्दाचे ‘मॉद्यॉरॉब्ब’, अधिक हंगेरियन, असे रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘अधिक माणूस’ हा प्रयोग नैतिक आवाहन म्हणून उमदा वाटतो. ‘अधिक हंगेरियन’ हा त्याच साच्यातून निघतो आणि उमदा राहत नाही. प्रत्यय एकच आहे. मग बिघडते ते कोठे, हा या सर्व विवेचनातील खरा प्रश्न.

त्याचे उत्तर शोधताना ‘ब्ब’च्या पूर्वेतिहासाची थोडी मदत होते. हा प्रत्यय फिनिश ‘म्पि’चा सगोत्र आहे, आणि फिनिशमध्ये ‘कुम्पि’ म्हणजे ‘दोहोंपैकी कोणता’. संस्कृत ‘कतर’ची आठवण यावी असाच हा शब्द. पाणिनीनेही तरप् आणि ईयसुन् हे प्रत्यय दोहोंपैकी एकाला वेगळे काढावयाचे असेल अशा स्थळी सांगितले आहेत. एमिल बेन्व्हेनिस्त याने १९४८ च्या आपल्या ग्रंथात इंडो-युरोपीय भाषांतील दोन तरप्रत्ययांचे स्वभाव निरनिराळे दाखविले. एक गुणाची मात्रा सांगतो, दुसरा केवळ जोडीतील भेद. हंगेरियनमध्ये ‘ओदाब्ब’ (आणखी पलीकडे), ‘ऑलाब्ब’ (आणखी खाली) असे स्थलवाचक शब्द याच प्रत्ययाने बनतात. उजव्या हाताला ‘योब्ब’, ‘अधिक चांगला’ असेच म्हणतात. डाव्याला ‘बॉल’, आणि त्याच ‘बॉल’पासून अपघात व दुर्दैव यांचे वाचक शब्द तयार होतात. मात्रेची तुलना मागाहून आली असो वा नसो, ‘ब्ब’च्या पोटात निवडीचे, हा आणि तो असे दोन गट पाडण्याचे बीज असावे असे मानण्यास पुरेसा आधार आहे. भाषेचे व्याकरण तिच्या भाषकांची नीती घडविते असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. तसे मानणाऱ्यांनी डाव्याउजव्याविषयी इतर भाषा काय म्हणतात तेही पाहावे. व्याकरण वाटा मोकळ्या ठेवते एवढेच. त्यांतून कोण चालते हा इतिहासाचा विषय आहे.

‘योब्बाद्य’ या शब्दाचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्याच्या आरंभी ‘योब्ब’ आहे असे व्युत्पत्तिकार मानतात. अकराव्या-बाराव्या शतकांतील लॅटिन दस्तऐवजांत हा शब्द राजाच्या वरच्या दर्जाच्या सेवकांसाठी, मानकऱ्यांसाठी येतो. १२२२ च्या सुप्रसिद्ध सुवर्णमुद्रांकित राजपत्रातही तो राज्यातील थोरांना उद्देशून आहे. ‘अधिक चांगले’ ते हे लोक. कोणापेक्षा, हे शब्दात सांगितलेले नाही, आणि सांगण्याची गरजही उरली नव्हती. पुढे मात्र अर्थाने कोलांटी घेतली. शब्द हळूहळू उतरत जाऊन जमीनदाराच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला लागू झाला. १५१४ साली द्योर्द्य दोझाच्या नेतृत्वाखाली झालेला शेतकऱ्यांचा उठाव चिरडला गेल्यानंतर कायद्याने या ‘योब्बाद्यां’चे स्थलांतराचे स्वातंत्र्य काढून घेतले, १८४८ च्या कायद्यांनी ही व्यवस्था मोडेपर्यंत ‘अधिक चांगला’ या नावाने भूदासच ओळखला जात होता. भाषेचा हा उपरोध म्हणून सोडून देता येईल. पण एक गोष्ट यात स्पष्ट होते. ‘पाशी’ची जागा रिकामी सोडलेली तुलना गुण सांगत नाही, दर्जा सांगते, आणि दर्जा हे एक रिकामे भांडे असल्याने त्यात उद्या उलट माणसेही भरता येतात. सिमियस सिमियस म्हणून उंच नाही, ही प्लेटोची दुरुस्ती येथे पूर्णपणे विसरली गेली आहे.

अर्थात प्रत्येक अध्याहृत तुलना दोषी नसते. हंगेरियनमध्ये एखाद्या बाईंना ‘म्हातारी’ म्हणण्याऐवजी ‘इद्योशॅब्ब’, म्हणजे ‘जरा अधिक वयाच्या’ असे म्हटले जाते, आणि ‘अधिक’ म्हणूनही वय कमीच केले जाते. तुलना येथे सौजन्याचे काम करते. पितापुत्रांची नावे एकच असली की त्यांच्यामागे ‘अधिक वयस्क’ आणि ‘अधिक तरुण’ यांची लघुरूपे लावण्याचा प्रघात आहे. मराठीत थोरले बाजीराव, थोरले माधवराव असे म्हणतात त्याच जातीची ही सोय. थोरला-धाकटा या मराठी जोडीशी आणखी जवळचे नाते सांगणारे एक रूप तेथे आहे. तररूपापुढे ‘इक’ लागला की तो दोहोंपैकी नेमका एक दाखवितो : ‘नॉद्योब्ब’ म्हणजे अधिक मोठा, ‘नॉद्योब्बिक’ म्हणजे दोघांतला थोरला. ‘योब्बिक एनॅम’, म्हणजे ‘माझ्यातला अधिक चांगला मी’, असा एक वाक्प्रचार आहे. माणसाने स्वतःलाच स्वतःपाशी उभे करावे ही कल्पना या प्रत्ययाने अगदी अल्पाक्षरांत साधली आहे. २००३ साली स्थापन झालेल्या एका उजव्या पक्षाने हाच ‘योब्बिक’ शब्द नाव म्हणून घेतला, तेव्हा ‘दोहोंतला अधिक चांगला’ आणि ‘अधिक उजवा’ असे दोन्ही अर्थ त्याला हवे होते. श्लेष म्हणून तो चतुर आहे. मात्र आत्मपरीक्षणासाठी घडलेले रूप मतपत्रिकेवर गेले की दुसरा ‘मी’ नाहीसा होतो आणि त्या जागी दुसरा माणूस येतो.

याच ‘इक’चा अधिक व्यापक गैरवापर ‘किशॅब्बिक रोस्स’, दोन वाइटांपैकी लहान वाईट, या शब्दप्रयोगात होतो. विसाव्या शतकात हंगेरीला हा शब्दप्रयोग वारंवार उच्चारावा लागला. त्यातील प्रत्यय असे गृहीत धरतो की पर्याय दोनच आहेत. पर्याय दोनच का आहेत आणि ती जोडी कोणी लावली, हे विचारण्याची सोय रूपातच नाही. हाना आरेंट हिने १९६४ साली हुकूमशाहीतील व्यक्तिगत जबाबदारीविषयी लिहिताना लहान वाईट निवडणारे आपण वाईटच निवडले आहे हे फार लवकर विसरतात अशा आशयाचा मुद्दा मांडला होता. तमभावाचीही अशीच फसगत आहे. १९५६ चा उठाव दडपला गेल्यानंतरच्या कादार राजवटीत हंगेरीला ‘छावणीतील सर्वांत आनंदी बराक’ म्हणत. वाक्य खरे होते. त्यातला विनोदही हंगेरियनांचाच होता, आणि विनोदाने जे केले ते व्याकरणाच्या दृष्टीने अचूक होते : ‘सर्वांत’ म्हणजे कोणांत, हे सांगून टाकले. सरकारी भाषेने ‘सर्वांत आनंदी’ एवढेच ठेवले असते.

या सगळ्यांत विचारप्रवर्तक शब्द मात्र ‘किशॅब्बशेग’ हा होय. ‘किशॅब्ब’ म्हणजे अधिक लहान, आणि ‘शेग’ हा भाववाचक प्रत्यय. अल्पसंख्याक समाजाला हंगेरियनमध्ये ‘अधिक लहानपण’ म्हणतात. बहुसंख्येला ‘त्योब्बशेग’, ‘अधिकपण’. मराठी ‘अल्पसंख्य’मध्ये ‘संख्या’ शब्द आहे आणि विशेषण तररूपात नाही. लहानपण मोजणीपुरते मर्यादित आहे, निदान शब्दात तरी. हंगेरियन शब्दात संख्या नाही. फक्त लहान असणे आहे, आणि तेही कोणाच्या तरी तुलनेत. न्यूनगंडाच्या वाचक शब्दातही हेच ‘किशॅब्ब’ आहे, हा योगायोग हंगेरियन वाचकाला टाळता येण्याजोगा नाही. १९२० च्या त्रियानों तहानंतर लक्षावधी हंगेरियन भाषक शेजारच्या राष्ट्रांत या नावाचे धनी झाले. ट्रान्सिल्व्हेनियातील रिफॉर्म्ड चर्चचे माजी बिशप शान्दोर मॉक्कॉई यांनी १९३७ साली असे लहानपण जगणे नैतिकदृष्ट्याच अशक्य आहे असा निर्णय देणारा निबंध लिहिला, आणि त्यावरून मोठा वाद झाला.

दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, लास्लो नेमेत या निबंधकाराने ‘किशॅब्बशेगबॅन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. शीर्षकातील ‘बॅन’ ही अधिकरणाची विभक्ती : लहानपणात, अल्पसंख्येत. पण नेमेत सीमेपलीकडच्यांविषयी बोलत नव्हता. खरे हंगेरियन मन हंगेरीतच, आपल्याच साहित्यात अल्पसंख्य झाले आहे, असा त्याचा दावा होता. त्यासाठी त्याने ‘मेयमॉद्यॉर’ आणि ‘हीगमॉद्यॉर’, खोल हंगेरियन आणि पातळ हंगेरियन, अशा दोन कोटी कल्पिल्या आणि साहित्याचा इतिहास त्यांनी मोजला. भेद रक्ताचा नसून संस्कृतीच्या मुळांचा आहे, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. ते मान्य केले तरी समीक्षेच्या दृष्टीने घोटाळा शिल्लक राहतोच. ‘खोल’ आणि ‘पातळ’ ही दोन्ही विशेषणे मूळ रूपात आहेत. ‘ब्ब’ कोठेही नाही, आणि तरी ती तुलनेविना अर्थहीन आहेत. एडवर्ड सपीर याने १९४४ सालच्या आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले होते की श्रेणी लावणे हे मोजण्याच्या आधीचे आहे. लहान-मोठा ही वरवर निरपेक्ष दिसणारी विशेषणेही पोटात ‘कमी-अधिक’ घेऊनच येतात. नेमेतच्या जोडीला हे तंतोतंत लागू पडते. त्याने तुलना केली आणि तुलनेची खूण पुसली. परिणामी कोणापाशी खोल, कोणत्या मापाने पातळ, हे प्रश्न उपस्थितच होऊ शकले नाहीत, आणि ज्याचा तरतमभाव होऊ शकत नाही असे ॲरिस्टॉटलने बजावले होते त्या ‘असण्या’लाच घनता प्राप्त झाली.

मिहाय बॉबिच याने त्याच वर्षी ‘न्युगॉत’मधून नेमेतला उत्तर दिले. बॉबिच स्वतः कवी, आणि त्या नियतकालिकाचा संपादक; हंगेरियन साहित्य युरोपच्या साहित्यापाशी उभे करून पाहण्यात त्याचे आयुष्य गेले होते. वादाचा तपशील येथे आवश्यक नाही. त्या वादाचा काळ मात्र विसरता येत नाही. १९३८ च्या कायद्याने काही व्यवसायांतील ज्यूंचे प्रमाण वीस टक्क्यांवर आणले होते, १९३९ च्या कायद्याने ते सहा टक्क्यांवर आले. निबंधकाराची ‘पातळ’ ही कोटी आणि कायद्याचे टक्के एकच नव्हेत. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कोण किती हंगेरियन आहे हा प्रश्न विचारण्यायोग्य आहे, ही समजूत दोघांनाही समान होती. मिक्लोश रॉद्नोती हा १९०९ साली जन्मलेला ज्यू वंशाचा कवी स्वतःला हंगेरियन कवी मानीत होता, दुसरे काही नव्हे. १९४४ च्या नोव्हेंबरात सक्तीच्या पायपिटीत ऑब्दा गावाजवळ त्याला गोळी घालण्यात आली. १९४६ मध्ये सामूहिक कबर उकरली गेली तेव्हा त्याच्या अंगावर शेवटच्या कवितांची वही सापडली. त्या कविता आज हंगेरियन काव्याच्या अपरिहार्य भाग आहेत. आणि १८४८ चा राष्ट्रकवी शान्दोर पॅत्योफी याचे घराण्याचे आडनाव पेत्रोविच होते. स्लाव वंशाच्या घरातून तो आला होता. खोली मोजणाऱ्या दोरीला ही दोन्ही नावे अडचणीची आहेत. अडचण त्या नावांची नसून दोरीची आहे हे मान्य करण्यास मात्र बराच काळ गेला.

मग समीक्षेने तुलनाच टाकावी काय? असा सल्ला अधूनमधून दिला जातो. प्रत्येक कलाकृती अनन्य, म्हणून अतुल्य, असे त्याचे स्वरूप असते. तो आदरार्थी वाटला तरी त्याने काही सुटत नाही. अतुल्य ठरविलेली कृती लवकरच ‘श्रेष्ठ’ म्हणून घोषित होते, आणि ‘श्रेष्ठ’ हे तर घडणीने तमरूप आहे. त्यावर ‘सर्व’ चढवून ‘सर्वश्रेष्ठ’ करण्याचा मराठीचा उद्योग हा ‘लॅगॅशलॅग’चाच भाऊ. ‘श्रेयस्’ हेही मुळात तररूप, ‘अधिक चांगले’; कठोपनिषदात ते ‘प्रेयस्’पाशी, अधिक प्रिय असलेल्यापाशी, उभे आहे म्हणून अर्थवान आहे, आणि त्या जोडीतून सुटून ते ‘कल्याण’ या अर्थाने एकटे वावरू लागले की कोणाचे कल्याण, कशाच्या मोबदल्यात, हे विचारणे राहून जाते. तुलना टाळणारी भाषा तुलनेतून सुटत नाही, ‘नाल’मधून तेवढी सुटते. बॉबिचने हंगेरियन साहित्य युरोपपाशी नेले त्यात लहानपणाची जोखीम होती आणि त्याने ती उघडपणे घेतली. नेमेतने मोजणी घरातल्या घरात केली आणि जोखीम दुसऱ्यांवर ढकलली.

या पुस्तिकेचे शीर्षक मराठीत आणावयाचे झाल्यास अनुवादकापुढे तीन शब्द असतील. ‘अल्पसंख्य’ म्हटले तर जनगणना येते आणि दुखणे जाते. ‘अल्पमतात’ म्हटले तर विधिमंडळ येते. ‘उणेपणात’ म्हटले तर मानसशास्त्र पुढे होते आणि राजकारण मागे पडते. शिवाय तिन्हींत ‘ब्ब’ नाही, म्हणजे कोणाच्या तरी शेजारी उभे असल्याची खूणच नाही. ‘कोणापेक्षा तरी लहान असण्यात’ असे लिहिले तर शीर्षक म्हणून ते अवघड होईल, आणि नेमेतने जी जागा रिकामी ठेवली होती ती अनुवादकाने भरल्यासारखे होईल.